सूचि आणि पारायण

ग्रंथाशीं आपला व्यवहार दोन रीतींनीं होतो. एक रीत पारायणाची आणि दुसरी सूचीची. गुरुचरित्राचा सप्ताह करणारा भाविक पहिल्या अध्यायाला आरंभ करतो तो अवतरणिकेपर्यंत एकही ओवी न गाळतां जातो. मधलीं दहा पानें उलटून पुढें सरकावें असें त्याच्या स्वप्नांतहि येत नाहीं. उलट शब्दकोश उघडणारा विद्यार्थी सगळा कोश वाचीत बसत नाहीं. ‘म’ कोठें असेल तें तो अंगठ्याच्या अंदाजानें ठरवितो, दोन पानें मागें, एक पान पुढें असें करीत हवा तो शब्द गांठतो, आणि कोश मिटून टाकतो. पहिली रीत श्रद्धेची व दुसरी शहाणपणाची, असें सामान्यतः समजलें जातें. परंतु पारायण केव्हां करावें आणि सूचि केव्हां उघडावी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. आणि मौज अशी कीं, त्याचें सर्वांत काटेकोर उत्तर साहित्यशास्त्रानें किंवा धर्मशास्त्रानें दिलेलें नसून संगणकशास्त्रानें दिलेलें आहे.

आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवितों. संगणकाशीं आमचा संबंध हजेरी, गुण आणि पगारपत्रक यांच्यापुरताच. पण आमचे एक माजी विद्यार्थी पुण्यास एका मोठ्या कंपनींत माहितीच्या कोठारांची, म्हणजे ज्यांस सर्वजण डेटाबेस म्हणतात त्यांची, देखभाल करतात. दिवाळींत ते चंद्रपुरास आले म्हणजे एक संध्याकाळ आमच्याकडे फराळास येतात, आणि चकलीच्या तुकड्यांनीं टेबलावर आकृत्या मांडून आपला धंदा आम्हांस समजावून देतात. पुढील विवेचनांतील शास्त्र त्यांचें आहे. त्यावरची टीका मात्र आमची.

डेटाबेस म्हणजे एक अवाढव्य खतावणी. तिच्यांत रकाने आणि ओळी असतात, व त्या ओळी पानांवर बसविलेल्या असतात. १९७० सालीं आय्. बी. एम्. कंपनींतील एडगर कॉड यांनीं असा विचार मांडला कीं, माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी, आणि विचारणाऱ्यानें ‘काय हवें’ एवढेंच सांगावें; ‘तें कसें शोधावें’ याची चिंता त्यानें वाहूं नये. त्याच सुमारास बोइंग कंपनींत रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्‌क्राइट यांनीं बी-ट्री नांवाची सूचीची रचना बसविली. हिच्या प्रत्येक पानावर शेंकडों दिशादर्शक नोंदी असतात. एका पानावर ३०० नोंदी धरल्या तर पहिलें पान ३०० पानांकडे बोट दाखवितें, त्यांतील प्रत्येक आणखी ३०० पानांकडे. आणि तिसऱ्या पायरीस २ कोटी ७० लक्ष नोंदींपैकीं नेमकी हवी ती हातीं येते. आमच्या ग्रंथालयांतील कार्डांच्या पेटीला हा वेग स्वप्नवत् वाटेल.

“मग प्रत्येक रकान्याची सूचि करून ठेवावी, आणि पारायणाचें नांवच काढूं नये,” आम्ही म्हणालों.

“सर, तेथेंच तर गंमत आहे,” ते म्हणाले. “सूचि असूनहि यंत्र पुष्कळ वेळां ती उघडीत नाहीं. मुद्दाम सगळें कोष्टक पहिल्या ओळीपासून वाचून काढतें. आणि तेंच बरोबर असतें.”

त्यांनीं मांडलेला हिशेब वाचकांनींहि करून पाहण्यासारखा आहे. समजा, कोष्टकांत १ लक्ष ओळी आहेत आणि एका पानावर १०० ओळी मावतात; म्हणजे सगळें कोष्टक १,००० पानांचें झालें. एकाच माणसाची ओळ त्याच्या क्रमांकावरून हवी असेल तर सूचीचीं तीन पानें आणि कोष्टकाचें एक, अशीं चार पानें उघडलीं कीं काम झालें. तेथें हजार पानांचें पारायण करणें हा शुद्ध वेडेपणा होय. परंतु शंभरांत एक या प्रमाणानें, म्हणजे १,००० ओळी हव्या असल्या, आणि त्या कोष्टकभर विखुरलेल्या असल्या, तर काय होईल? संभाव्यतेचें गणित सांगतें कीं, त्या ओळी सुमारें ६३० निरनिराळ्या पानांवर पसरलेल्या सांपडतील. आतां, एक पान इकडचें तर दुसरें तिकडचें असें उघडणें हें ओळीनें पानें उलटण्यापेक्षां महाग पडतें. पोस्टग्रेस नांवाच्या डेटाबेसांत हें प्रमाण मुळांतच चारास एक असें धरून ठेवलेलें असतें. त्या दरानें ६३० पानांची किंमत २,५०० हून अधिक झाली, आणि पारायणाची किंमत अवघी १,०००! हजारांत एक ओळ हवी असेल तर मात्र सुमारें ९५ पानें, म्हणजे ३८० ची किंमत. तेथें पुन्हा सूचि जिंकते. अर्थात् आधीं सूचींतून सगळ्या पानांचे आंकडे टिपून घ्यावयाचे, ते क्रमानें लावावयाचे, आणि मग प्रत्येक पान एकदांच उघडावयाचें, असा एक मध्यम मार्गहि यंत्राजवळ असतो. हव्या त्या ओळी जवळजवळ मांडलेल्या असल्या, किंवा सगळीं पानें आधींच यंत्राच्या हाताशीं असलीं, तरीहि हिशेब पालटतो. पण मूळ तत्त्व पालटत नाहीं. थोडें हवें असेल तर सूचि, पुष्कळ हवें असेल तर पारायण. आणि ‘पुष्कळ’ म्हणजे आपण समजतों त्याहून फारच थोडें.

हें तत्त्व आम्हांस पुरतेपणीं उमगलें तें मात्र चकलीच्या आकृत्यांनीं नव्हे, तर भामरागडच्या वाटांनीं.

भामरागड हें गडचिरोली जिल्ह्याच्या अगदीं टोंकाचें ठिकाण. १९८२ सालीं चंद्रपूर जिल्हा विभागून गडचिरोली निराळा झाला, तोंपर्यंत तें आमच्याच जिल्ह्यांत मोडत असे. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा तेथें संगम होतो, व पलीकडे छत्तीसगडचें रान सुरू होतें. पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला म्हणजे बाहेरच्या जगाशीं असलेला रस्ता तुटतो. विद्यार्थ्यांच्या शिबिरांनिमित्त आमचें तिकडे दोन-तीनदां जाणें झालें. माडिया गोंडांचीं लहान लहान गांवें रानांत विखुरलेलीं. एका गांवाहून दुसऱ्या गांवास जावयाचें म्हणजे नाला, टेकडी आणि पुन्हा नाला. तापाच्या दिवसांत हिवतापाचा कर्मचारी तेथें घरोघर फिरून रक्ताचे नमुने घेतो. त्यास एका ठराविक रोग्याच्या घरीं औषध पोंचवावयाचें असेल तर तो सरळ त्या घरीं जाईल. पण चार घरांआड एका घरीं जावयाचें असेल, तर नांवांच्या चिठ्ठ्या हातांत धरून उलटसुलट पायपीट करण्यापेक्षां गांवाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सगळीं दारें ठोठावीत जाणें त्यास सोयीचें पडतें. सेलिंजरबाईंचें शास्त्र त्यानें वाचलेलें नसतें. पायांनीं तें त्यास शिकविलेलें असतें.

या सेलिंजरबाई म्हणजे आय्. बी. एम्. मधील पॅट्रिशिया सेलिंजर. कोणत्या प्रश्नास कोणता मार्ग स्वस्त पडेल हें यंत्रानें स्वतःच किंमत काढून ठरवावें, याची पद्धति त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केली. आज प्रत्येक मोठ्या डेटाबेसाच्या पोटांत असा एक नियोजक बसलेला असतो. तो प्रश्न आल्याबरोबर कामास लागत नाहीं. आधीं अंदाज बांधतो. त्यासाठीं त्यानें कोष्टकांतील कांहीं ओळी चाखून ठेवलेल्या असतात. पोस्टग्रेसाचा नियोजक सामान्यतः ३०,००० ओळींचा नमुना घेतो, आणि कोणतीं मूल्यें वारंवार येतात याची टांचणी करून ठेवतो. म्हणून एकाच आडनांवाच्या रकान्यावर, एकच सूचि असतांना, दोन प्रश्नांस दोन निराळे मार्ग मिळूं शकतात. गडचिरोली जिल्ह्याच्या यादींत ‘गोखले’ शोधावयास सांगितलें तर तो सूचि उघडील. ‘मडावी’ शोधावयास सांगितलें तर बाह्या सरसावून पारायणास बसेल. आणि त्याची टांचणी शिळी झाली असेल, यादी दुप्पट होऊनहि त्यास कोणीं कळविलें नसेल, तर तो जुन्या अंदाजावर विसंबून नेमका चुकीचा मार्ग धरील. जग पालटलें असतां जुन्या अनुभवावर हुकूम सोडणारीं वडीलधारीं माणसें प्रत्येक कुटुंबांत असतात. यंत्रहि त्याला अपवाद नाहीं.

आडनांवावरून आठवलें. गोंडांच्या समाजांत कुळांची विभागणी देवांच्या संख्येवरून केलेली असते. कोणी चार देवांचे, कोणी पांच, कोणी सहा, कोणी सात. देवांची संख्या सारखी असलेलीं कुळें भाऊबंद. त्यांच्यांत सोयरीक व्हावयाची नाहीं. परका माणूस गांवांत आला कीं त्याचे देव किती, कूळ कोणतें आणि गांव कोणतें हें विचारून घेतलें म्हणजे त्याचें नातें ठरतें. ही एक सूचिच आहे, आणि ती कोणत्याहि कागदावर लिहिलेली नाहीं. एकट्या देवसंख्येनें पाहूं गेल्यास तिचा उपयोग बेताचा; समाजाचे चारच वाटे होतात, आणि एक चतुर्थांश ओळी विखरून टाकणाऱ्या सूचीस यंत्राचा नियोजक हातहि लावणार नाहीं. पण देव, कूळ व गांव या तिन्हींची क्रमानें गुंफण केली कीं माणूस हातीं लागतो. क्रम मात्र सोडतां येत नाहीं. नुसतें गांव सांगून या गुंफणींतून वाट काढूं म्हटलें तर तें अवघड. जसें आडनांवांच्या क्रमानें लावलेल्या यादींतून ‘विनायक’ नांवाचे सगळे गृहस्थ काढावयाचे झाले तर यादी पहिल्यापासून वाचल्यावांचून गत्यंतर नसतें.

सूचीचा दुसरा खर्च तलाठ्यास विचारावा. सातबारा हा जमिनीच्या गट क्रमांकानें लागतो. अमुक खातेदाराची एकूण जमीन किती हें त्यावरून चटकन् कळावयाचें नाहीं, म्हणून आठ-अ चा उतारा खात्यानिशीं निराळा ठेवावा लागतो. शोधणाऱ्याची सोय झाली. पण एक खरेदी झाली कीं फेरफार नोंदवा, सातबारा दुरुस्त करा, आठ-अ दुरुस्त करा, असें लिहिणाऱ्याचें काम वाढलें. प्रत्येक सूचि वाचणाऱ्याचे श्रम वांचविते आणि लिहिणाऱ्याचे वाढविते. म्हणून जाणते लोक हव्या तितक्या सूच्या करीत नाहींत. जे प्रश्न वारंवार विचारले जातात त्यांच्यापुरत्याच करतात. आणि येथेंच या निरुपद्रवी दिसणाऱ्या शास्त्रांत माणसाचें सुखदुःख शिरतें. कारण कोणते प्रश्न वारंवार विचारले जावेत, हें ठरवितो तो सूचि करणारा. ज्याचें नांव सूचींत असतें तो नव्हे.

अशाच एका शिबिरांत पाहिलेली गोष्ट आहे. एका कार्यालयांत एक माडिया म्हातारी बसून होती. वृद्धांस मिळणारें अनुदान, ज्याला तिकडे सगळे नुसतें ‘निराधार’ म्हणतात, तें तिला मिळेनासें झालें होतें. खिडकीपलीकडच्या तरुणानें तिच्या हातांतील कागद पाहून यंत्रांत ‘आत्राम’ अशीं अक्षरें घातलीं, पुढें तिचें नांव घातलें, आणि मान हलविली. “आजी, तुमचें नांव यादींत नाहीं.” तो उद्धट नव्हता, यंत्रानें सांगितलें तेंच त्यानें सांगितलें. म्हातारीला मराठी बेताचेंच समजत होतें. तिच्यासोबत आलेल्या गांवच्या पोरानें मात्र हट्ट धरला कीं सगळी यादीच छापून द्या. साडेतीनशें-एक नांवांची यादी. ती घेऊन तो बाहेर पळसाखालीं बसला आणि बोट ठेवून एकेक नांव मोठ्यानें वाचूं लागला. पाऊण तासानें म्हातारी एकदम बोलली. तिचें नांव तेथें होतें. आडनांव ‘अत्राम’ असें लिहिलेलें होतें, आणि तिच्या स्वतःच्या नांवांतहि एक अक्षर निराळें होतें. माडिया ही द्राविड कुळांतील भाषा. तिचे उच्चार मराठी कानांनीं ऐकून मराठी हातांनीं लिहिले, तर कोणीं कसें लिहावें याला धरबंध नाहीं. ‘अ’ आणि ‘आ’ यांमध्यें सूचींत शेंकडों नांवांचें अंतर असतें. कानाला तें जाणवतहि नाहीं.

यंत्राची सूचि येथें खोटें बोलली नव्हती. सूचि अक्षरांस उत्तर देते, माणसास नव्हे. नांवाचा आरंभ नक्की ठाऊक असेल तरच ती वाट दाखविते. ‘यासारखें कांहीं तरी’, ‘ज्याच्या मध्यें हें अक्षर आहे असें’, ‘ऐकावयास असें लागणारें’, अशा प्रश्नांपुढें साधी सूचि मुकी होते, आणि यंत्रालाहि निमूटपणें पारायणच करावें लागतें. साडेतीनशें नांवांचें पारायण यंत्रास निमिषार्धाचें काम. एवढ्या लहान कोष्टकासाठीं नियोजक बहुधा सूचि उघडीतच नाहीं. तेव्हां उणीव यंत्राच्या शक्तीची नव्हती. खिडकीवर जो प्रश्न विचारण्याची सोय केलेली होती, तो म्हातारीचा प्रश्न नव्हता.

ही अडचण कांहीं आमच्याच रानांत उपजलेली नाहीं. अमेरिकेंत नाना देशांचे लोक येऊन वसलेले. त्यांच्या आडनांवांचीं लेखनेंहि नाना प्रकारचीं. रॉबर्ट रसेल नांवाच्या गृहस्थानें १९१८ सालीं नांवें अक्षरांवरून न लावतां ध्वनींवरून लावण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. पुढें १९३५ सालीं तेथें वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला, आणि जन्माचा दाखला नसलेल्या असंख्य लोकांस आपलें वय सिद्ध करण्याची पाळी आली. तेव्हां सरकारनें जुन्या जनगणनेच्या वह्यांची साउंडेक्स नांवाची ध्वनिसूचि करविली. १८८० च्या वह्यांतून तर ज्या घरांत दहा वर्षांचीं किंवा त्याहून लहान मुलें होतीं तेवढींच घरें सूचींत घेतलीं. कारण तींच मुलें आतां निवृत्तीच्या वयास आलीं होतीं. सूचि माणसाच्या गरजेकडे पाहून करावयाची ठरविली म्हणजे ती कशी होते, याचें हें उत्तम उदाहरण होय. आजच्या डेटाबेसांतहि अशी उच्चारावर बांधलेली सूचि करतां येते. माडिया नांवांसाठीं ती करावयाची तर आधीं माडिया कान हवा. तो एकदां मिळाला कीं पुढचें काम यंत्र करील.

तरीहि कांहीं प्रश्न असे असतात कीं त्यांस कोणतीच सूचि पुरत नाहीं. रुग्णालयाची नोंदवही ही सूचि खरी, पण ती आलेल्यांची. न आलेल्यांची नव्हे. याच गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी यांनीं दोन गांवांतील स्त्रियांची तपासणी केली व तिचे निष्कर्ष १९८९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध केले. दुखणें घेऊन दवाखान्यांत आलेल्या स्त्रिया त्यांनीं मोजल्या नाहींत. गांवांतल्या स्त्रियांकडेच ते गेले. ६५० स्त्रियांपैकीं शेंकडा ९२ जणींस स्त्रीरोगांपैकीं कोणता ना कोणता विकार आढळला, आणि पूर्वी कधींहि अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या शेंकडा ८. दवाखान्याच्या वह्या कितीहि नीट लावल्या असत्या तरी त्यांतून हा आंकडा निघाला नसता. जें सूचींत नाहीं तें जगांतहि नाहीं असें मानणाऱ्यास तो कधींच दिसला नसता. हें पारायण होतें, आणि तें घरोघरचें होतें.

आमच्या कायद्यानेंहि एके ठिकाणीं हें ओळखलेलें दिसतें. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं रानांतील जमिनीवर हक्क सांगावयाचा तर ताबा १३ डिसेंबर २००५ च्या पूर्वीचा असावा लागतो. त्यासाठीं जे पुरावे नियमांत सांगितले आहेत त्यांत सरकारी कागद आहेत, नकाशे आहेत. आणि त्यांच्याच पंक्तीस गांवांतील वडीलधाऱ्या माणसांचें लिहून घेतलेलें कथनहि आहे. ज्या गांवाचा कागद कधीं झालाच नाहीं, त्याच्यासाठीं ग्रामसभेनें आपली स्मृति पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळावी, अशी ही सोय आहे.

आमचे माजी विद्यार्थी म्हणतात कीं, नियोजकाचें खरें शहाणपण सूचि वापरण्यांत नसून ती केव्हां बाजूस ठेवावी हें ओळखण्यांत आहे. यंत्राला तें ओळखतां येतें, कारण तें किंमत मोजतें. पानांची किंमत मोजणें सोपें. पर्लकोटा ओलांडून कार्यालयापर्यंत आलेल्या म्हातारीला ‘नाहीं’ म्हणून परत पाठविण्याची किंमत कोणत्या रकान्यांत धरावयाची, हें अद्याप कोणत्याहि नियोजकास शिकविलेलें नाहीं. तें शिकविणें खिडकीशीं बसलेल्या माणसाकडेच राहतें. त्या तरुणानें त्या दिवशीं यादी छापून दिली, ही त्याची भलाई. आणि त्या पोरानें ती पळसाखालीं बसून शेवटपर्यंत वाचली असती. म्हातारी मध्येंच बोलली म्हणून तो थांबला.